फेरारी महिंद्रांची झालेली नाही : पिनिनफारिनाविषयीच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

ज्या मजकुराचा हा प्रतिवाद आहे तो व्हॉट्सॲपवर बरीच वर्षे फिरतो आहे, आणि तो तिथेच राहिला असता तर मी त्याच्याकडे दुर्लक्ष केले असते. परंतु वाहन अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो महाविद्यालयातील सादरीकरणात जवळजवळ शब्दशः वापरला, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि मी हरकत घेतली तेव्हा "मामा, सगळीकडे हेच लिहिलंय, तुम्हीच एकटे वेगळं सांगता" असे उत्तर मला मिळाले. गाडी कोण बनवतो, तिला रूप कोण देतो आणि ती कंपनी कोणाच्या मालकीची असते या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हे उद्या गाड्या बनवू पाहणाऱ्या मुलाला ठाऊक नसावे याचा मला राग आला आहे. तो या लेखात कुठे कुठे दिसला तर वाचकांनी तो त्या मजकुराच्या खाती मांडावा.

मजकूर थोडक्यात असा : "अभिमानाने सांगा, फेरारी आता आपली आहे! १९३० पासून आजपर्यंतची प्रत्येक फेरारी बनवणारी पिनिनफारिना ही इटालियन कंपनी महिंद्रांनी हजारो कोटी मोजून विकत घेतली. आळशी इटालियन कामगारांनी आणि त्यांच्या रोजच्या संपांनी बुडवलेली ही कंपनी भारतीयांनी वाचवली. पहिली भारतीय सुपरकार बात्तिस्ता हीसुद्धा आता आपलीच. आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही याच पिनिनफारिनाने घडवली होती."

सर्वांत हास्यास्पद विधान पहिलेच आहे. फेरारी "आपली" झालेली नाही. या व्यवहारात ती विक्रीलाही नव्हती. फेरारीचा निम्मा हिस्सा फियाटने १९६९ मध्ये घेतला, ऑगस्ट १९८८ मध्ये एन्झो फेरारी यांचे निधन झाल्यावर फियाटकडे ९० टक्के हिस्सा आला आणि उरलेले १० टक्के एन्झो यांचे पुत्र पिएरो यांच्याकडे राहिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये फेरारीचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आले, जानेवारी २०१६ मध्ये कंपनी फियाट क्रायस्लरपासून वेगळी झाली, आणि तेव्हापासून तिचा सर्वांत मोठा भागधारक आन्येल्ली घराण्याची एक्झोर ही कंपनी आहे. या साऱ्या मालिकेत मुंबईचा किंवा पुण्याचा कोणीही माणूस नाही.

पिनिनफारिनाची खरेदी मात्र खरी आहे, आणि ती १४ डिसेंबर २०१५ रोजी जाहीर झाली, म्हणजे फेरारी न्यूयॉर्कच्या बाजारात उतरल्यानंतर दोन महिन्यांच्या आत. दोन बातम्या लागोपाठ आल्या, दोन्हींमध्ये लाल रंगाच्या त्याच गाड्यांची छायाचित्रे होती, आणि कोणीतरी दोन्ही बातम्यांची एकच गोष्ट केली असावी, असा माझा तर्क आहे. पण तर्काची गरजच नाही, कारण घेणाऱ्या कंपन्या आणि पिनिनफारिना शेअर बाजारात नोंदलेल्या असल्यामुळे त्यांना त्या दिवशी आपापल्या बाजाराला लेखी निवेदन द्यावे लागले होते, आणि ते निवेदन सर्वांना उपलब्ध आहे. त्यात विकणारा, घेणारा, हिस्सा आणि भाव असे चारही तपशील दिलेले आहेत. विकणारी कंपनी म्हणजे पिनिनफारिना कुटुंबाची पिंकार ही गुंतवणूक कंपनी. घेणाऱ्या दोन : पुण्यात मुख्यालय असलेली टेक महिंद्रा आणि मुंबईची महिंद्रा अँड महिंद्रा, ६० आणि ४० टक्के या प्रमाणात. हिस्सा ७६.०६ टक्के आणि भाव समभागामागे १.१० युरो. उरलेल्या भागधारकांनाही त्याच भावाने प्रस्ताव देण्यात येईल आणि कंपनी मिलानच्या बाजारात नोंदलेलीच राहील, असेही त्यात म्हटले आहे. फेरारीचा एकही समभाग या व्यवहारात इकडचा तिकडे झाला नाही. भाच्याने एवढा एक कागद वाचला असता तर टाळ्या कमी पडल्या असत्या, पण सादरीकरण बरोबर आले असते.

मग पिनिनफारिना फेरारीसाठी नेमके काय करत असे? हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. इटालियनमध्ये ज्याला कारोत्सेरिया म्हणतात तो व्यवसाय महाराष्ट्रात प्रत्येकाने पाहिलेला आहे, फक्त त्याला आपण ते नाव देत नाही. एस.टी. महामंडळ टाटा किंवा अशोक लेलँडकडून चॅसिस घेते आणि दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यावर बसची बॉडी बांधते. चॅसिस, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाचे. सांगाडा, पत्रा, खिडक्या आणि आसने दुसऱ्याची. उद्या कोणी दापोडीची कार्यशाळा विकत घेतली तर टाटा मोटर्स त्याच्या खिशात जात नाही. पिनिनफारिनाच्या बाबतीत नेमका हाच उफराटा निष्कर्ष काढला गेला आहे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी युरोपातील बहुतेक महागड्या गाड्या अशाच तयार होत. कारखानदार चालती चॅसिस देई आणि गिऱ्हाईक ती आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडे नेई. तिथे लाकडी साच्यावर पत्रा हाताने ठोकून त्याला आकार दिला जाई. बात्तिस्ता फारिना यांचा जन्म १८९३ मध्ये पिएमॉन्त प्रांतातील कोर्तान्झे या गावी एका मोठ्या कुटुंबात झाला, घरातला धाकटा म्हणून त्यांना पिनिन म्हणत, आणि लहान वयातच ते तुरिनमध्ये थोरल्या भावाच्या बॉडीच्या कारखान्यात कामाला लागले. २२ मे १९३० रोजी त्यांनी तुरिनमध्ये स्वतःची कारोत्सेरिया पिनिन फारिना काढली, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांत विन्चेन्झो लान्चा हे गाड्यांचे कारखानदार होते. स्वतःच्या नावाची गाडी विकणे हा या पेढीचा हेतूच नव्हता. लान्चा, आल्फा रोमेओ, फियाट यांच्या चॅसिसवर उत्तम बॉडी बांधणे हा होता. कुटुंबाचे आडनाव आणि टोपणनाव जोडून "पिनिनफारिना" असा एक शब्द १९६१ मध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने झाला.

फेरारीशी या पेढीचे नाते कसे जुळले याची हकिकत पिनिन यांचे पुत्र सर्जो यांनी सांगून ठेवली आहे, आणि या वादात ती फार उपयोगी आहे. १९५१ मध्ये एन्झो फेरारी तुरिनला यायला तयार नव्हते आणि पिनिन मोदेनाला जायला तयार नव्हते, कारण कोण कोणाच्या दारी गेला याला दोघांच्याही लेखी महत्त्व होते. शेवटी दोन्ही शहरांच्या मधोमध तोर्तोना या गावातील एका खानावळीत भेट झाली, आणि पुढच्या वर्षी पिनिन फारिनाने बॉडी बांधलेली पहिली फेरारी, २१२ इंटर, तयार झाली. दोन मानी माणसांनी बरोबरीच्या नात्याने केलेला तो करार होता. एकाने दुसऱ्याला विकत घेतले असते तर मधल्या गावाची खानावळ शोधावी लागली नसती. पुढे जी साठ वर्षे हे सहकार्य चालले त्यांत इंजिन आणि यांत्रिक भाग नेहमीच फेरारीचे राहिले. पिनिनफारिनाने आकार रेखाटला, तेस्तारोसासारख्या काही गाड्यांच्या बॉडी स्वतःच्या कारखान्यात बांधून फेरारीच्या मारानेल्लो येथील कारखान्याला पाठवल्या, तर कित्येक गाड्यांच्या बॉडी मोदेनाच्या स्काल्येत्तींनी ठोकल्या.

"१९३० पासून आजपर्यंतची प्रत्येक फेरारी" हे दुसरे विधान दोन्ही टोकांना खोटे आहे. १९३० मध्ये फेरारी नावाची गाडीच नव्हती. एन्झो तेव्हा आल्फा रोमेओच्या गाड्या शर्यतीत उतरवणारा संघ चालवत होते. स्वतःच्या नावाची पहिली गाडी त्यांनी १९४७ मध्ये काढली. त्यानंतरच्या सुरुवातीच्या फेरारींपैकी गाजलेली १६६ एमएम बार्केत्ता मिलानच्या टूरिंगने घडवली आणि पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच्या अनेक गाड्या विन्याले या पेढीने. लिलावात आज जिच्यासाठी सर्वाधिक चुरस होते ती १९६२ ची २५० जीटीओसुद्धा पिनिनफारिनाची नव्हे. तिच्यावर अभियंते जोत्तो बिझ्झारिनी आणि पत्रा घडवणारे स्काल्येत्ती यांचा हात आहे. १९७३ ची डिनो ३०८ जीटी४ बेर्तोने या प्रतिस्पर्धी पेढीने रेखाटली. दुसऱ्या टोकाला, २०१० मध्ये फेरारीने मारानेल्लोत फ्लाविओ मान्झोनी यांच्या हाताखाली स्वतःचा रचना विभाग उभा केला, २०१३ ची लाफेरारी त्याच विभागातून बाहेर पडली, आणि २०१२ ची एफ१२ बेर्लिनेत्ता ही पिनिनफारिनाने रेखाटलेली नेहमीच्या उत्पादनातील शेवटची फेरारी मानली जाते. म्हणजे महिंद्रांनी कंपनी घेतली तेव्हा ते काम तिच्या हातून जवळपास गेलेलेच होते.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करावे लागते. १९५२ ते २०१२ या काळातील रस्त्यावर चालवायच्या फेरारींपैकी बहुसंख्य गाड्यांचे रूप खरोखरच पिनिनफारिनाचे आहे. २७५ जीटीबी, डेटोना, तेस्तारोसा, एफ४०, एन्झो ही सारी नावे त्याच यादीत बसतात. परंतु या गाड्याही "पिनिन यांनी काढल्या" असे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यात पेढीतील पगारी रचनाकार गडप होतात. डेटोना लिओनार्दो फिओरावान्ती यांची आहे, डिनो २०६ वर आल्दो ब्रोवारोने यांचा हात आहे, आणि एन्झो ही गाडी केन ओकुयामा या जपानी रचनाकाराच्या काळातली आहे.

"हजारो कोटी" हा आकडा कुठून आला हे मला कळलेले नाही. वर सांगितलेल्या भावाने कुटुंबाच्या हिश्शाची किंमत सुमारे अडीच कोटी युरो होते, म्हणजे त्या वेळच्या दराने दोनशे कोटी रुपयांच्या आत. याखेरीज सुमारे दोन कोटी युरोंचे नवे भांडवल आणि धनकोंना द्यायची हमी हे व्यवहाराचे भाग होते. हमीची रक्कम मोठी होती, पण हमी म्हणजे मोजलेले पैसे नव्हेत. आकडा फुगवल्याने कोणाचा मान वाढतो हेही मला समजत नाही. नावाजलेली पेढी अडीच कोटी युरोंत मिळाली असेल तर व्यवहारचातुर्य म्हणून तेच जास्त सांगण्यासारखे आहे.

बात्तिस्ताविषयी फार लिहायला नको. ही विजेवर चालणारी, सुमारे १९०० अश्वशक्तीची, १५० नगांपुरती मर्यादा घातलेली गाडी आहे. तिची निर्माती ऑटोमोबिली पिनिनफारिना ही म्युनिकमध्ये कचेरी असलेली, २०१८ मध्ये स्थापन झालेली वेगळी कंपनी आहे. तुरिनच्या रचना पेढीशी तिचे नाव मिळते, व्यवसाय नाही. ती महिंद्रा समूहाची आहे, तेव्हा मालकी भारतीय, एवढे कबूल. परंतु बॅटरी आणि मोटारींचे तंत्र क्रोएशियाच्या रिमाक कंपनीचे, जुळणी तुरिनजवळच्या काम्बियानोची आणि कचेरी जर्मनीतली असताना "पहिली भारतीय सुपरकार" म्हणायचे असेल तर म्हणावे, मात्र परीक्षेत लिहू नये.

आता ज्या विधानासाठी मी हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. "आळशी इटालियन कामगारांनी आणि त्यांच्या संपांनी कंपनी बुडवली" हे वाक्य बाकीच्या विधानांसारखे केवळ चुकीचे नाही, ते घातक आहे, कारण ते वाचून अभियांत्रिकीचा विद्यार्थी एका उद्योगाच्या ऱ्हासापासून शिकण्यासारखी एकमेव गोष्ट गमावून बसतो आणि तिच्या जागी एका देशाच्या लोकांविषयीचा पूर्वग्रह घेऊन घरी जातो.

संप झालेच नाहीत असे मी म्हणणार नाही. १९६९ चा शरद ऋतू तुरिनच्या कारखान्यांत संपांनी गाजला आणि इटलीच्या कामगार चळवळीच्या इतिहासात त्याला स्वतंत्र नाव आहे. पण बुडण्याची वेळ आली ती त्यानंतर चाळीस वर्षांनी. मधल्या काळात या "आळशी" मंडळींनी काय केले ते पाहावे. १९७२ मध्ये ग्रुल्यास्को येथे पूर्ण आकाराची गाडी आत उभी राहील असा वायुबोगदा, म्हणजे वाऱ्याच्या झोतात गाडीचा आकार तपासण्याची सोय, सुरू झाला, आणि तसा तो इटलीतला पहिला होता. १९८२ मध्ये काम्बियानोला संशोधन केंद्र उभे राहिले. १९८६ मध्ये कंपनी मिलानच्या शेअर बाजारात आली. आणि त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅक अलांटे या गाडीच्या बॉडी बांधण्याचे काम पिनिनफारिनाला दिले. त्यासाठी सान जोर्जो कानावेझे येथे कारखाना उभारण्यात आला, आणि तिथे रंगवून सजवून तयार झालेल्या बॉडी खास सोयी केलेल्या बोइंग ७४७ विमानांतून, एका खेपेला ५६ अशा, तुरिनहून डेट्रॉइटला जात. इंजिन तिथे बसे. डेट्रॉइटमध्ये पत्रा ठोकणारे हात नव्हते म्हणून हे झाले नाही. तुरिनच्या हातांना अटलांटिकपार किंमत होती म्हणून एवढा आटापिटा केला गेला. अलांटे जनरल मोटर्सच्या अपेक्षेइतकी विकली गेली नाही, १९९३ मध्ये ती बंद झाली आणि सान जोर्जोचे ते काम गेले. यात कामगाराने काय चूक केली?

या प्रश्नाच्या उत्तरातच पेढीच्या ऱ्हासाचे खरे कारण आहे. युद्धानंतर गाड्यांमधून वेगळी चॅसिस हळूहळू नाहीशी झाली. पत्र्याची बॉडी हाच गाडीचा सांगाडा झाला. त्यामुळे गिऱ्हाइकाने चॅसिस आणून द्यायची आणि बॉडी बांधून न्यायची हा जुना धंदा संपला. बहुतेक लहान पेढ्या तिथेच बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या. मिलानची टूरिंग १९६६ मध्ये बंद झाली आणि १९७० मध्ये गिया फोर्डकडे गेली. पिनिन यांनी मात्र आधीच दुसरी वाट धरली होती. मोठा कारखानदार वर्षाला लाखो सामान्य गाड्या काढतो, पण उघड्या छपराच्या किंवा दोन दारांच्या काही हजार गाड्यांसाठी आपली उत्पादनरेषा अडवणे त्याला परवडत नाही. तेवढ्या गाड्या आपण त्याला बांधून द्याव्यात, अशी ही वाट होती. आल्फा रोमेओची उघड्या छपराची जुलिएत्ता स्पायडर १९५५ मध्ये आली, अमेरिकेतून मागणी वाढली, आणि हाताने पत्रा ठोकणारी पेढी १९५८ मध्ये ग्रुल्यास्कोच्या नव्या कारखान्यात उद्योग म्हणून उभी राहिली. १९६६ च्या सुमारास आलेल्या आल्फाच्या आणि फियाट १२४ च्या स्पायडर गाड्यांनी तो कारखाना कित्येक वर्षे चालता ठेवला. फियाटने १२४ स्पायडरमधून अंग काढून घेतल्यावर तीच गाडी काही काळ पिनिनफारिनाच्या स्वतःच्या नावाने विकली गेली, आणि पेढीच्या इतिहासात असे क्वचितच घडले.

ही वाट चांगली होती, पण तिची नाडी कायम दुसऱ्याच्या हातात होती. गाडी कोणती, किती आणि कधीपर्यंत हे कारखानदार ठरवणार. जमीन, इमारत, यंत्रे आणि कर्ज मात्र पिनिनफारिनाचे. नव्वदीनंतर मोठ्या कारखान्यांच्या उत्पादनरेषा लवचिक झाल्या, एकाच रेषेवर चार प्रकारच्या बॉडी जुळवता येऊ लागल्या, आणि कमी संख्येच्या गाड्या बाहेर देण्याचे कारणच उरले नाही. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण प्यूजोचे आहे. प्यूजो आणि पिनिनफारिना यांचे नाते १९५५ च्या ४०३ पासूनचे, म्हणजे जवळपास फेरारीइतकेच जुने. ४०६ कूपे ही दोन दारांची गाडी पिनिनफारिनाने रेखाटली आणि बांधलीही, आणि आजही ती प्यूजोच्या सुंदर गाड्यांत गणली जाते. तिच्यानंतरची ४०७ कूपे प्यूजोने स्वतःच रेखाटली आणि स्वतःच्याच कारखान्यात बांधली. तुरिनच्या कामगारांवर नाराज होऊन नव्हे. आता ते काम घरी होत होते म्हणून.

पिनिनफारिनाने या काळात मित्सुबिशी, फोर्ड आणि आल्फा रोमेओ यांच्यासाठी गाड्या बांधायला घेतल्या आणि त्यासाठी बँकांचे मोठे कर्ज उचलले. गाड्या अपेक्षेइतक्या खपल्या नाहीत, हप्ते मात्र थांबले नाहीत. ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीची सूत्रे सांभाळणारे, पिनिन यांचे नातू आंद्रेआ पिनिनफारिना स्कूटरवरून कामावर जाताना अपघातात वारले. त्यानंतर काही आठवड्यांतच जगभर आर्थिक अरिष्ट कोसळले. वर्षअखेरीस बँकांशी कर्जाच्या फेररचनेचा करार झाला आणि कुटुंबाला आपला हिस्सा विकायला काढणे भाग पडले. २०१० मध्ये आल्फाच्या ब्रेरा आणि स्पायडर या गाड्यांचे काम संपले, आणि त्याबरोबर दुसऱ्यांसाठी गाड्या बांधण्याचा पेढीचा अर्धशतकाचा उद्योगही संपला. महिंद्रांनी २०१५ मध्ये जी कंपनी घेतली ती कारखानदार नव्हे, रचना आणि अभियांत्रिकीची सेवा देणारी पेढी होती.

एवढे सांगूनही ज्याला इटालियन आळसाचीच गोष्ट ऐकायची असेल त्याने जर्मनीतल्या ओस्नाब्रुककडे पाहावे. तिथली कारमान ही कंपनी १९०१ पासून नेमके हेच काम करत होती; फोक्सवागनच्या उघड्या छपराच्या गाड्या पिढ्यानपिढ्या तिनेच बांधल्या. एप्रिल २००९ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली, आणि तिचा कारखाना फोक्सवागनने ताब्यात घेतला. जर्मन कामगार आळशी असतो असा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही. तुरिनमध्येच बेर्तोने दिवाळखोरीत गेली आणि रचनाकार जुजारो यांची इटालडिझाईन ही पेढी २०१० मध्ये फोक्सवागन समूहाकडे गेली. एकाच काळात, दोन देशांत, एकाच प्रकारचे काम करणाऱ्या कंपन्या एकामागून एक संपत असतील तर दोष कामगारांच्या स्वभावात शोधायचा की धंद्याच्या बदललेल्या रचनेत, हे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला मी सांगायला लागू नये. आणि स्वभावाचेच बोलायचे तर १९४६ चा प्रसंग आहे. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात, युद्धात हरलेल्या देशाचे म्हणून, इटालियन बॉडीकारांना जागा नाकारण्यात आली होती. पिनिन आणि वीस वर्षांचे सर्जो दोन गाड्या स्वतः चालवत तुरिनहून पॅरिसला गेले आणि प्रदर्शनाच्या दाराबाहेर त्या उभ्या करून ठेवल्या.

राहिली पद्मिनी. हा बादरायण संबंध कोणी जोडला ते देव जाणे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी पद्मिनी म्हणजे फियाट ११०० डी; तिचे मूळ १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेल्या फियाट ११००/१०३ मध्ये आहे, आणि ती गाडी फियाटच्याच दान्ते जाकोसा या मुख्य अभियंत्याच्या हाताखाली, कंपनीच्या आत तयार झाली. भारतात ती आधी फियाट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. पिनिन फारिनाने ११०० च्या यांत्रिक भागांवर एक देखणी दोन दारांची कूपे पन्नाशीच्या दशकात बांधली होती, हे खरे. पण आपल्या टॅक्सीचे चार दारांचे रूप तिच्यावरून आलेले नाही. तुरिनच्या स्वतंत्र रचनाकाराचा हात लागलेली आणि भारतात बांधलेली जुनी गाडी हवीच असेल तर ती मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड आहे, आणि तिचे रचनाकार जोव्हान्नी मिकेलोत्ती पिनिनफारिनाचे नव्हते. महाराष्ट्रात बांधलेल्या आणि पिनिनफारिनाचा खरोखर हात लागलेल्या गाडीचे उदाहरण मजकूर लिहिणाऱ्याच्या नाकासमोर होते : महिंद्रांची नाशिकला बांधली गेलेली, २०१८ मध्ये आलेली मराझो. तिचा त्यात उल्लेखही नाही.

तरीही पद्मिनीच्या बाबतीत सोयरीक शोधायचीच म्हटली तर एक सापडते, ती मात्र पत्र्यात नाही, इंजिनात आहे. पिनिन फारिनाने १९४७ मध्ये चिसिटालिया २०२ या गाडीची बॉडी घडवली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये कलावस्तू म्हणून ज्या आठ मोटारगाड्या मांडल्या त्यांत ती होती, आणि पुढे ती त्या संग्रहालयाच्या कायमच्या संग्रहात गेली. तिच्या बॉनेटखाली फियाट ११०० चे १०८९ सीसीचे इंजिन सुधारून बसवलेले होते. पद्मिनीचे इंजिनही १०८९ सीसीचे आणि त्याच कुळातले. हे कूळ फियाटचे आहे. पिनिनफारिनाने आपल्या साऱ्या आयुष्यात ज्या एका गोष्टीला हात घातला नाही, ती नेमकी इंजिन बनवणे ही होती.